सायकल डिक्कीत, जीव मुठीत

गेल्या अंकात गोव्याच्या ‘आयर्नमन ७०.३’ शर्यतीवर लिहिलं होतं. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि मग २१.१ किलोमीटर पळायचं. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, नावात एवढंच आहे. पत्रं येतील ती पोहण्याबद्दल नाहीतर गुडघ्यांबद्दल, असा माझा अंदाज होता. निम्म्याहून जास्त लोकांनी विचारलंय ते सायकल तिथवर न्यायची कशी, हे.

बरं झालं. गुडघ्यांतलं मला काही कळत नाही. मी डॉक्टर नाही, कोच नाही. साताऱ्यात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, वय ४९, पहिली मोठी शर्यत त्रेचाळिसाव्या वर्षी केली आणि आजवर एकदाही बक्षिसाच्या जवळपास फिरकलेले नाही. पण सायकल खोक्यात भरणं, वाकवणं, तिचे भाग हरवणं आणि परक्या गावात हॉटेलच्या फरशीवर बसून ती पुन्हा जोडणं, यातला अनुभव भरपूर आहे.

प्रश्न : ताई, यंदा गोव्याला पहिल्यांदाच उतरतोय. पुण्याहून सायकल बसने न्यावी, रेल्वेने की गाडीने? आणि सायकलचा बॉक्स विकत घ्यावा का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तिघं-चौघं मिळून गाडीने जाता येत असेल तर डोळे झाकून गाडी. मागे कॅरियर लावा, पुढचं चाक फ्रेमला बांधून टाका म्हणजे झुलत राहत नाही, आणि घाट लागायच्या आधी एकदा उतरून पट्टे ओढून बघा. चहाला थांबणारच असता.

गाडीचं जमत नसेल तर माझी २०१९ची गोष्ट ऐका. त्या ऑक्टोबरात गोव्याला ही शर्यत पहिल्यांदा झाली. मी रात्री अकराला हायवेवर उभी. दोन्ही चाकं काढून सायकल आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेली, वरून दुकानातला बबल रॅप आणि दीड रोल सेलोटेप. स्लीपर बसचा क्लीनर म्हणाला, “काय आहे यात?” म्हटलं, “सायकल.” म्हणाला, “मग चालवतच यायचं की!” शंभर रुपये जास्तीचे घेऊन त्याने ती डिक्कीत सरकवली आणि मी निवांत झोपले. पहाटे पणजीत डिक्की उघडली तर सायकल उजव्या अंगावर पडलेली आणि तिच्यावर कुणाचं तरी बिडाचं शिलाई मशीन.

उजवं अंग म्हणजे गिअरची बाजू. मागच्या चाकापाशी जो भाग लोंबत असतो, जो चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलतो, तो डिरेलर. तो फ्रेमला ज्या बोटभर पट्टीने जोडलेला असतो ती हँगर. ही पट्टी मुद्दामच मऊ अ‍ॅल्युमिनियमची करतात. मार बसला तर तिने वाकावं, मोडावं, पण फ्रेम वाचावी. घरातल्या फ्यूजचं जे काम तेच हिचं. माझी फ्रेम वाचली. पट्टी आत वाकली होती, पण इतकी थोडी की डोळ्याला दिसेना. सायकल जोडली, मिरामारच्या रस्त्यावर एक फेरी मारली, सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन टाकली आणि मागून आऱ्यांवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, टर्रर्र. हेच दुसऱ्या दिवशी चढावर झालं असतं तर डिरेलर आऱ्यांत अडकून चाक, चेन आणि मी, तिघंही रस्त्यावर.

शर्यतीच्या जागी मेकॅनिक असतो, आणि त्याच्यापुढे रांग असते. तासाभराने माझा नंबर आला. त्याने डिरेलर सोडवला, हँगरच्या भोकात एक लांब दांडा पिळून बसवला आणि तो चाकाच्या कडेकडेने फिरवत, चार ठिकाणी अंतर बघत, हळूहळू पट्टी बाहेर ओढली. डोसा उलटावा इतक्या अलगद. मग म्हणाला, “मॅडम, एकदा वाकून सरळ झालीय. आता पुन्हा वाकली तर तुटणार. दुसरी आणलीय का सोबत?” हँगर ही वस्तू सुटी मिळते, हेच मला त्या दिवशी कळलं. शिवाय प्रत्येक फ्रेमची वेगळी. त्याच्या डब्यात तीस-चाळीस होत्या, माझ्या सायकलची एकही नाही. शेवटी त्याने डिरेलरचा एक स्क्रू आवळून चेन सर्वांत मोठ्या चक्रीवर चढणारच नाही अशी व्यवस्था केली. म्हणजे माझा सगळ्यात हलका गिअर गेला. गोव्यातले चढ काही आमच्या यवतेश्वर घाटासारखे नाहीत, पण ऑक्टोबरच्या उन्हात, हलका गिअर नसताना ते कसे लागतात ते माझ्या मांड्यांना विचारा. ७ तास ५१ मिनिटांत संपवली. मुदत साडेआठ तासांची असते.

तेव्हा बसने जायला हरकत नाही, पण डिरेलर आधी काढा. एक बोल्ट असतो, पाच मिनिटांचं काम. चेन तशीच राहू द्या, डिरेलर जुन्या मोज्यात घाला आणि फ्रेमच्या त्रिकोणात बांधून टाका. चाकं काढल्यावर फ्रेमची आणि पुढच्या चिमट्याची टोकं उघडी पडतात, ती दाबली जाऊ नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा अडकवा. नव्या सायकलींच्या खोक्यांतून हे तुकडे येतात, दुकानदार टाकूनच देतात, मागितले तर मूठभर मिळतील. आणि तुमच्या फ्रेमची जादा हँगर आजच मागवा. गोव्याला पोचल्यावर नाही.

रेल्वे मला बसपेक्षा आवडते. २०२२ला गोवा एक्सप्रेसने गेले, ती साताऱ्याला थांबते. फ्रेम बॅगेत, खालच्या बर्थखाली. चाकं वेगळ्या गोल पिशवीत, उशाशी. टीसीने त्या पिशवीकडे बघून विचारलं, “डफ आहे का?” हो म्हणून टाकलं असतं तर पुढचं सगळं लवकर मिटलं असतं. पार्सल ऑफिसात नोंदवून ब्रेकव्हॅनमधूनही सायकल जाते, पण गाडी जिथे दोन-चार मिनिटंच थांबते अशा स्टेशनांवर मी ते करणार नाही. तुम्ही उतरता, सायकल पुढे जाते.

बॉक्स विकत घेऊ नका. पहिल्या वर्षी भाड्याने आणा, नाहीतर सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचं पुठ्ठ्याचं खोकं उचला. पुठ्ठ्याची मी धंदेवाईक जाणकार आहे म्हणून सांगते, सात थरांचं खोकं बऱ्याच महागड्या पिशव्यांपेक्षा दणकट असतं. फक्त भिजू देऊ नका.

प्रश्न : माझी सायकल ४५ हजारांची आहे. तिथे लोक पाच-पाच लाखांच्या सायकली आणतात असं ऐकलं. हसतील का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : कुणी बघणारसुद्धा नाही. ज्याची सायकल पाच लाखांची असते तो स्वतःच्याच सायकलकडे बघण्यात गुंग असतो.

सायकल तपासणीत किमतीचं कुणी विचारत नाही. ब्रेक लागतात का, हेल्मेट धड आहे का आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का, हे बघतात. हे शेवटचं फार जण विसरतात. नळीचं उघडं टोक पडल्यावर पोटात घुसतं म्हणून हा नियम आहे. एका मुलाचं बुच प्रवासात पडलं होतं, त्याला मी माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर कापून दिलं, वर इन्सुलेशन टेप. चाललं.

४५ हजारांत पंधरा हजार अजून घालायचे असतील तर चांगले टायर आणि एकदा नीट ‘फिटिंग’ (सीट-हँडल आपल्या अंगाच्या मापाला लावणं) करून घेणं, यात घाला. हलकी चाकं वगैरे नंतर. किंवा कधीच नाही.

प्रश्न : तरण तलावात मी २ किलोमीटर सहज पोहते. समुद्राच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. (एक वाचक, कराड)

उत्तर : २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. म्हणजेच ७५ वेळा भिंतीला पाय लावून ढकलणं आणि तेवढ्याच वेळा दोन क्षण विसावा. समुद्रात भिंत नाही. हे आधी मान्य करा आणि तलावात सराव करतानाच अधूनमधून भिंतीला न लागता अलीकडूनच वळा. कंटाळवाणं आहे, उपयोगी आहे.

मी पोहायला शिकले संगम माहुलीला, कृष्णेत, पाठीला डबा बांधून. पाण्यात काही दिसत नाही याची मला लहानपणापासून सवय, त्यामुळे तळ न दिसण्याची भीती वाटली नाही. मला भीती वाटली ती माणसांची. शेजारच्याचा हात डोक्यावर, मागच्याचा पायावर, गॉगल सरकला, नाकातोंडात खारं पाणी. पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे खुणेच्या तरंगत्या फुग्यापर्यंत, छाती अशी धडधडत होती की वाटलं, परत फिरावं. तेव्हा एका कायाकवाल्या, म्हणजे छोट्या होडीतल्या, पोराने हाक मारली, “काकू, धरा आणि थांबा.” मला वाटलं, धरलं की बाद. तसं नाहीये. कायाकला, बोयाला धरून विसावा घेता येतो. फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मी धरलं, वीसेक श्वास घेतले आणि निघाले. त्या वीस श्वासांसाठी मुदत पुरेशी आहे, पोहण्याला १ तास १० मिनिटं मिळतात.

एकदा तरी आधी खऱ्या समुद्रात उतरा, एकटीने मात्र मुळीच नको. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे कमी अंतराचे गट असतात. शेजारी शाळेतली पोरं माशासारखी जातात; लाजायचं नाही.

प्रश्न : सायकल आदल्या दिवशीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, ठेवावी लागते. रात्रभर काय होतं तिचं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पहारा असतो, चोरी होत नाही. दिवसा ऊन खाते, रात्री दव. टायर पूर्ण हवा भरून उन्हात ठेवू नका. मी नंबराचा कागद लावत असताना पलीकडच्या रांगेत ‘फट्’ असा आवाज आला आणि दीडशे माणसं दचकून आपापल्या टायरकडे बघायला लागली. थोडी हवा काढून ठेवा, पहाटे पंप घेऊन भरा. सीटवर आणि हँडलवर प्लास्टिकची पिशवी, रबरबँड लावून. चेनला सुकं वंगण नको, जरा ओलसर तेलाचं लावा.

प्रश्न : पुढच्या वर्षी युरोपात पूर्ण अंतराची शर्यत करायचा विचार आहे. विमानात सायकल न्यायची धास्ती वाटते. तुम्ही स्वीडनला गेला होतात, काय काय झालं ते सविस्तर लिहाल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सविस्तरच लिहिते, कारण यात माझे पैसे गेलेत.

२०२३च्या ऑगस्टमध्ये मी काल्मारला गेले. स्वीडनचा आग्नेय किनारा, छोटं गाव, समोर ओलांद नावाचं लांबलचक बेट. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. सायकल बेटावर जाते ती सहा किलोमीटरच्या पुलावरून, आणि पुलावर वारा असा की आमच्या कासच्या पठारावरचा पावसाळी वारा बरा. त्या पुलासाठीच मी ही शर्यत निवडली होती. मुंबईहून मध्ये एक विमान बदलून कोपनहेगन, तिथून जवळजवळ चार तासांची रेल्वे. सायकल तोवर दुसरी घेतली होती, कुणाची तरी वापरलेली, डिस्क ब्रेकची.

तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीला विचारा की सायकल चालते का, किती किलोची, खोक्याची लांबी-रुंदी किती. उत्तर ईमेलवर मागा आणि कागदावर छापून न्या. माझ्या कागदाच्या तीन प्रती होत्या, झेरॉक्स घरचीच. मुंबईच्या काउंटरवरचा मुलगा “इतकं मोठं खोकं जात नाही” म्हणाला, तेव्हा पहिली प्रत पुढे केली. दुसरं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचाही नियम वेगळा विचारावा लागतो, हे विसरू नका.

सायकल महाग असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडे ती दाखवून निर्यातीचं प्रमाणपत्र घ्या. फ्रेमचा नंबर सहसा पेडलच्या दांड्याखाली, सायकलच्या पोटावर कोरलेला असतो. खोकं बंद करायच्या आधी फोटो काढून ठेवा. परत येताना “ही तिकडे घेतली का?” असं कुणी विचारलं तर हा कागद बोलतो. अर्थात यासाठी तास-दीड तास आधी पोचावं लागतं आणि खोकं चेक-इनला देण्याच्या आधी जावं लागतं.

पंक्चरवर मारायच्या त्या छोट्या गॅसच्या नळकांड्या घरीच ठेवा. काही विमान कंपन्या परवानगीने नेऊ देतात, पण सुरक्षा तपासणीत त्यावरून घासाघीस करण्यात मला रस नाही. शर्यतीच्या ठिकाणी विकत मिळतात. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. टायरमधली हवा काढायला सांगतात. खरं तर सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, आणि नसता तरी टायरवर पंधरा पीएसआयच जास्त आला असता, त्याने काही फुटत नाही. पण काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवायचं नसतं. काढून टाका.

आता माझी चूक. डिस्क ब्रेकच्या सायकलींना चाकातून आरपार जाणारा अ‍ॅक्सल असतो, बोटाएवढ्या जाडीचा, एका टोकाला आटे. चाक काढलं की तो मोकळा होतो. मागचा मी पिशवीत घालून फ्रेमला टेपने चिकटवला होता. पुढचा तेवढा घाईत खोक्याच्या तळाशी, बुटांच्या कव्हरात. वाटेत कुठल्या तरी विमानतळावर तपासणीसाठी खोकं उघडलं गेलं. काल्मारच्या खोलीत उघडलं तेव्हा आत तपासणी केल्याची चिठ्ठी होती, बूट-कव्हर होतं, अ‍ॅक्सल नव्हता.

बुधवारची संध्याकाळ. शर्यत शनिवारी. मी फरशीवर बसून खोक्यातला कागदाचा कपटा न् कपटा झटकला. मग आमच्या ह्यांना साताऱ्याला फोन केला. तिकडे रात्रीचे साडेअकरा. ते म्हणाले, “दुसरा मिळत नाही का?” इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

गुरुवारी सकाळी सायकलच्या दुकानात पोचले तर निम्मी दुनिया तिथेच. अ‍ॅक्सल दिसायला सगळे सारखे, पण आट्यांमधलं अंतर वेगवेगळं असतं. एकाचं एक मिलिमीटर, एकाचं दीड, एकाचं पावणेदोन. लांबीतही फरक. दुकानदाराने एक ड्रॉवर बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे पेनाच्या सुट्या टोपणांचा डबा असतो, अगदी तसा. पहिला अ‍ॅक्सल आखूड. दुसरा आत गेला पण आटा पकडेना. तिसरा फिरवला आणि तो बोटांनीच, न अडखळता, लोणच्याच्या बरणीचं झाकण बसावं तसा बसत गेला. चारशे क्रोनर. त्याने मागितले असते तर मी हजार दिले असते.

तेव्हापासून माझा नियम: सायकलचा जो भाग सुटेल तो जिथून सुटला तिथेच परत लावायचा. अ‍ॅक्सल फ्रेमच्या भोकात परत, बोल्ट आपापल्या छिद्रात परत. पिशवी वगैरे काही नको. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालायचा, नाहीतर वाटेत कुणी ब्रेक दाबला की पॅड मिटून बसतात आणि चाक आत जात नाही. सीटच्या उंचीवर मी व्हाइटनरने बारीक रेघ मारते. टेप निघते, व्हाइटनर टिकतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, पण ते लक्षात ठेवायची गरज नाही: पान्हा वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडलं सुटतात.

बूट, पेडल, पोहण्याचा गॉगल, शर्यतीचे कपडे हातातल्या बॅगेत. सायकल आलीच नाही तर तिकडे भाड्याने मिळू शकते. तुमच्या पायाच्या मापाचे, तुमच्या क्लीटचे (तळाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी), झिजून तुमचेच झालेले बूट कुठून आणणार?

आणि हे सगळं विमानतळाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा करू नका. मी जायच्या आधी घरी तीनदा सायकल पूर्ण खोलून, खोक्यात भरून, बाहेर काढून जोडली. हे घड्याळ लावून बसले होते. पहिल्यांदा दोन तास वीस मिनिटं आणि एक वॉशर उरला. तो कुठला, हे शोधायला आणखी अर्धा तास. तिसऱ्यांदा पन्नास मिनिटं. शेजारच्या वहिनींना वाटलं, आम्ही सायकल दुरुस्तीचं दुकान टाकतोय. कुणाला पैसे देऊन भरून घेतलीत तर ती छान भरली जाईल, पण तिकडे ती उघडायला तो माणूस येणार नाही. एक छोटा टॉर्क पान्हा, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, घ्या, पाच न्यूटन-मीटरचा. हँडलचे बहुतेक बोल्ट तेवढ्यावर बसतात. कार्बनच्या भागावर अंदाजाने जोर लावणं म्हणजे चहाच्या कपावर हातोडी चालवणं. सगळी हत्यारं मात्र चेक-इनच्या सामानात.

शर्यतीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. पाणी गार होतं, अंग गरम ठेवणारा रबरी वेटसूट घालून पोहले. गोव्यात त्याचा प्रश्नच नसतो, पाणी कोमट असतं. पूल आला तेव्हा आडव्या वाऱ्याने हँडल हातात ठरेना. सहा किलोमीटर मी समुद्राकडे एकदाही बघितलं नाही, पुढच्या चाकाच्या मधोमध त्या नव्या अ‍ॅक्सलकडे बघत होते. १४ तास ५२ मिनिटं. सगळा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास गेला, आणि तो तीन वर्षं साठवलेला होता. कर्ज काढून ही हौस करू नका.

प्रश्न : एका शर्यतीत मला ‘ड्राफ्टिंग’साठी पाच मिनिटांची शिक्षा झाली. पुढचाच हळू चालवत होता, माझा काय दोष? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्हाला आवडणार नाही, पण दोष तुमचाच. तो हळू होता तर ओलांडायचं होतं.

दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा तो खातो आणि तुमची ताकद वाचते. म्हणून या शर्यतींत पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवायचं असतं. त्या पट्ट्यात शिरलात की २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, मध्येच विचार बदलून मागे यायचं नाही. आणि ज्याला ओलांडलं त्याने मागे सरकायचं, हे मात्र बरेच जण करत नाहीत आणि शिक्षा भलत्यालाच होते, ही तुमची तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

१२ मीटर म्हणजे किती हे डोळ्यात बसवा. माझ्या दुकानाच्या पायरीपासून पलीकडच्या रसवंतीच्या चरकापर्यंत बरोबर बारा मीटर भरतात, मी मोजलेत. शर्यतीत पुढच्याची पाठ दिसली की मी मनात तो चरक आणते.

प्रश्न : सायकलवर खाल्लेलं पोटात राहत नाही. जेल (ताकदीसाठी खातात तो पुडीतला गोड चिकट लगदा) घशाखाली उतरत नाही. देशी काही? (एक वाचक, अकोला)

उत्तर : ताशी साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, ती कुठून येतात याचं पोटाला सोयरसुतक नसतं. चिक्की करून बघितली, तोंड कोरडं असताना ती दातांत सिमेंटसारखी बसते. राजगिऱ्याचा लाडू उताराला फोडला, तो उडून मागच्याच्या तोंडावर गेला. तो १२ मीटरच्या आत होता हे त्याचं नशीब. शेवटी मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे आणि केळं, पहिले दोन तास. नंतर चावायचा कंटाळा येतो, तेव्हा जेल, पण घोटभर पाण्यासोबतच. काहीही असो, महिनाभर आधीपासून सरावात तेच खा. शर्यतीच्या सकाळी हॉटेलच्या बुफेत नवीन काही चाखायला जाऊ नका.

प्रश्न : येताना सायकलच्या खोक्यात काजू, कोकम वगैरे भरून आणता येतं का? जागा बरीच दिसते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काजू खुशाल आणा. चाकांच्या मधल्या पोकळीत दोन किलो आरामात बसतात आणि सायकलला आधारही होतो. विमानाने येणार असाल तर वजन बघा.

ओलं काही मात्र नको. २०२२ला परत येताना मी कोकम आगळाच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून फ्रेमच्या बॅगेत, मागच्या ब्रेकशेजारी ठेवल्या. त्याआधी खोलीतल्या बाथरूममध्ये सायकल गोड्या पाण्याने छान धुतली होती, समुद्राचं आणि घामाचं मीठ बोल्टांत राहिलं की ते गंजून अडकतात म्हणून. इतकी काळजी घेतली आणि लोंढ्याच्या आसपास एका बाटलीचं बुच ढिलं झालं. घरी येऊन बॅग उघडली तर डिस्क जांभळी, पॅड जांभळे. डिस्क धुतली, पॅड पॉलिशपेपरने घासले, आणि वाटलं, निघालं सगळं. पुढच्या रविवारी यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक किंचाळत होता. हे माझ्या मागे होते. खाली पोचल्यावर म्हणाले, “तुझ्या मागून सोलकढीचा वास येतोय.” पॅड बदलले.